नव्या बुटांनी गिरडला

बोरगाव मेघेहून आम्ही चौघी बाया पायी गिरडला जाऊन आलो, आणि त्या जाण्याची सगळी तयारी मी केली होती. हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं की लोक फुशारकी म्हणतात, आणि मला फुशारकी मारायचीच आहे, तर ती पहिल्या ओळीत मारलेली बरी.

गिरडला आमच्याकडचं कोण गेलेलं नाही? शेख फरीदबाबाच्या टेकडीवर नवस फेडायला, नाहीतर नुसती हवा खायला, जीप भरभरून लोक जातात. वाटेत काय लागलं ते मात्र कोणाला सांगता येत नाही, कारण जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसल्यावर बाहेरचं काही दिसत नाही. मीही तशीच पाच-सहा वेळा गेले होते. मागच्या खेपेला खिडकीशी जागा मिळाली आणि तुरीच्या शेतांमधून जाणारी एक पांदण दिसली. या वाटेनं चालत आलं तर, असं मनात आलं. माझ्या मनात एकदा काही आलं की घरच्यांच्या डोक्याला ताप होतो, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही भाजीपाल्याची माणसं. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, शेतात काढायचा आणि वर्ध्याच्या बाजारात विकायचा. मी घरातली मोठी सून, सुमन. कॉलेजात दोन वर्षं गेले होते, म्हणून लिहिते तेव्हा जरा सुधारून लिहिते. बोलते मात्र घरच्यासारखंच. माझ्यासोबत निघाली माझी धाकटी जाऊ कांता, अंगानं भरलेली आणि स्वभावानं भित्री. शेजारच्या शोभाबाई साठीला टेकलेल्या, तोंडानं तिखट. आणि शिवणकाम करणारी वनिता, आमच्यात सगळ्यात लहान. कांता माहेर आणि सासर सोडून तिसरीकडं कधी मुक्कामाला राहिलेली नव्हती. पण लहानपणी शाळेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिनं चिखलदऱ्याची दरी पाहिली होती, आणि ती तिच्या डोक्यातून गेली नव्हती. गिरड जमलं तर पुढच्या वर्षी चिखलदरा, असं आमचं दोघींचं ठरलं होतं.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारलं तेव्हा ते वांग्याला पाणी देत होते. त्यांनी आधी पाणी वळवलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"पायी?"

"हो जी. तीन दिवस, दोन मुक्काम. मुक्काम ओळखीच्या घरीच."

"जा. मी नाई म्हनत नाई," ते म्हणाले. "पन चौघीतली एक जरी गाडीत बसली, का कोनाले दवाखान्यात न्यावं लागलं, तर पुन्हा असं नाव काढायचं नाई. चिखलदरा-फिकलदरा काई नाई."

कांता मागं उभी होती. तिनं माझ्या पदराला हात लावला. मी म्हटलं, "कबूल."

तयारी

महिनाभर तयारी चालली. बाजारातून काही आणायचं तर घरात आहे ते आधी पाहू, असं मी ठरवलं, आणि पाहिलं तर सगळं घरातच होतं. कपड्यांचा प्रश्न कापसानं सोडवला. कापूस वेचायला जाताना बाया साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला दुपट्टा बांधतात. ऊन लागत नाही, काटा ओरखडत नाही, घाम शोषला जातो. तोच आमचा पोशाख. साडीच्या जागी मी, कांता आणि वनितानं सलवार घातली, शोभाबाईंनी लुगडं खोचलं आणि म्हणाल्या, "मी या लुगड्यात झाडावर चढली हावो, मले शिकवू नका."

पिशव्या वनितानं शिवल्या. खताच्या धुतलेल्या गोण्या, आतून जुन्या चादरीचं अस्तर, खांद्याला रुंद पट्टे. त्या भरायच्या कशा हे कोणाला शिकवावं लागलं नाही, कारण भाजीची टोपली आम्ही रोज भरतो. कोहळं खाली, सांभार वर; जड ते पाठीशी, लागेल ते हाताशी. बाटल्यांना बारदान गुंडाळून ओलं करायचं, ही तर बाजारातली रोजचीच युक्ती. गूळ, फुटाणे, एकेक कांदा, दवाखान्यातून आणलेली मीठ-साखरेची पाकिटं, हळद, खोबरेल, जुन्या साडीचे स्वच्छ धडपे, बॅटरी, काठी. आणि एक शिट्टी. शिट्टी पुढे चालणारीच्या गळ्यात.

पुढे कोण चालणार, यावरून वाद झाला. सगळ्यांना वाटलं मी. मी म्हटलं, जी सगळ्यात हळू चालते ती पुढे. तिच्या चालीनं बाकीच्या. मागं राहिली तर ती एकटी पडते, आणि एकटी पडली की घाबरते. म्हणून शिट्टी कांताच्या गळ्यात आली. ती इतकी लाजली की दिवसभर पदराखाली लपवून फिरली.

नियम मी बियाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिले. तहान लागायच्या आधी पाणी. दुपारी बारा ते तीन झाडाखाली. आणि सगळ्यात मोठा, खाली रेघ मारून: दुखलं तर त्याच घडीला सांगायचं; लपवेल तिला पुढच्या फाट्यावर एसटीत बसवण्यात येईल. हा शेवटचा नियम मी जरा मोठ्या आवाजात वाचून दाखवला होता. कांताकडं पाहत. आता आठवलं की कान गरम होतात.

पहाटे भाजी काढून झाली की आम्ही रोज चालायचो, आधी सेवाग्रामच्या बाजूला थोडंसं, मग जास्त. तिघींना मी बजावलं होतं की बूट आजपासून घालायचे, शेतात, बाजारात, चिखलात. कांतानं तर बूट घालून मेथी निंदली. मामाजी हसले, तरी तिनं काढले नाहीत.

आणि मी? माझे बूट पुण्याहून मुलानं पाठवले होते. पांढरे, कडेनं निळी रेघ. आमच्याकडं नवी वस्तू अशी उठून वापरत नाहीत. नवी साडी सणाला निघते, नवं भांडं पाहुण्याला निघतं. खोक्यातून काढून मी ते दोनदा पाहिले, वास घेतला, परत कपाटात ठेवले. निघायच्या दिवशी चांगल्या मुहूर्तावर घालू म्हटलं. सराव मी जुन्या चपलेवर केला, आणि मी सगळ्यांच्या मागं चालत होते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला दिवस: धाम ओलांडून

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. उजाडताना निघालो. मामाजी फाटकापर्यंत आले, माझे पांढरे बूट पाहिले. मी त्या बुटांना कुंकवाचं बोट लावलं होतं, ते त्यांनी पाहिलं असणार.

सेवाग्राम मागं पडलं आणि डांबराची सडक सोडून आम्ही पांदणीला लागलो. हरभरा घाट्यांवर आला होता, तूर काढणीला आली होती, आणि उशिराच्या कापसाची बोंडं अजून पांढरी होती. ही शेतं आम्ही आयुष्यभर पाहिली; पण पाहिली ती कामासाठी. काम नसताना शेतातून चालायला किती मोकळं वाटतं ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. कांता पुढे, तिच्या चालीनं आम्ही. तासाला एकदा ती शिट्टी वाजवायची आणि आम्ही पाणी प्यायचो. पहिल्यांदा वाजवली तेव्हा ती स्वतःच दचकली.

धाम नदी ओलांडल्यावर नागपूरकडचं एक जोडपं सायकलींवर भेटलं. दोघं पन्नाशीतले, डोक्यावर टोप्या, अंगात चमकदार कपडे. बाई थांबल्या आणि आमच्या पिशव्या हात लावून पाहायला लागल्या. वनिताला विचारलं, कुठं मिळतात? वनिता म्हणाली, "मीच शिवल्या जी." मग त्यांनी आमच्या शर्टांकडं पाहिलं. हे कुठले?

"हा आमच्या मालकाचा हाय," शोभाबाई म्हणाल्या. "बाजारात भेटत नाई."

त्या बाईंनी वनिताचा फोन नंबर लिहून घेतला, दोन पिशव्या शिवून द्यायला सांगितल्या. वनिता पुढचा अर्धा तास जमिनीवरून चाललीच नाही. मलाही अभिमान वाटला. शिवल्या तिनं असल्या तरी गोणीची कल्पना माझी होती.

दुपारी आंब्याखाली थांबलो. शेजारच्या शेतातल्या बाईनं न विचारता तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणून दिल्या. आमच्याकडं वांगी होती, आम्ही ती दिली. रिकाम्या हातानं कोणाच्या दारी जायचं नाही म्हणून आम्ही चौघींनी लपूनछपून भाजी घेतली होती, हे तेव्हा उघडकीस आलं. कांताच्या पिशवीतून तर मेथीच्या चार जुड्या निघाल्या. मी ओरडणार होते, पण माझ्याच पिशवीत दीड किलो वांगी होती.

तिसऱ्या प्रहरी माझी उजवी टाच जळायला लागली. आधी खडा असेल म्हटलं. खडा नव्हता.

मुक्काम शोभाबाईंच्या भाच्याच्या मळ्यात होता. त्याच्या बायकोनं गोळाभात केला होता, भातात शिजवलेले बेसनाचे गोळे, वरून कढवलेलं तेल, सोबत कढी. तिघी जेवायला बसल्या तेव्हा मी विहिरीमागं जाऊन मोजा काढला. टाचेवर पावलीएवढा फोड आला होता. खोबरेल लावलं, धडपा बांधला, मोजा वर ओढला आणि हसत येऊन बसले. गोळाभात फार चांगला झाला होता, पण मला त्याची चव आठवत नाही.

दुसरा दिवस: वणेच्या पलीकडे

सकाळी दोन तास झाले आणि शोभाबाई थांबल्या. "माहा गुडघा बोलून राह्यला," त्यांनी सरळ सांगितलं. नियमाप्रमाणे आम्ही बसलो. त्यांनी तेल चोळलं, गुडघ्याला दुपट्टा घट्ट बांधला, तासाभरानं उठल्या आणि मग दिवसभर तक्रार केली नाही. मी तो तासभर मनातल्या मनात करवादत होते. नियम माझाच, त्या पाळत होत्या, आणि राग मला येत होता. बसलं की टाच जास्त ठणकायची, हे त्याचं खरं कारण.

सांगायला काय झालं होतं? तर मामाजींची अट. फोड दाखवला तर या मला चालू देणार नाहीत, मी गाडीत बसले तर चिखलदरा गेला. कांतानं पहाटे उठून महिनाभर पाय झिजवले, आणि तिचा चिखलदरा माझ्या टाचेपायी जायचा. हे मी स्वतःला सांगत होते. खरं त्याच्या खालीही होतं. पुठ्ठा लिहिणारीच पहिली बसली, हे मला सोसणार नव्हतं.

वणा नदी लागली. पाणी कमी होतं, बाकीच्यांनी बूट काढून पाय सोडले. मी काठावर उभी राहून म्हटलं, "मले सर्दी व्हते." कांतानं माझ्याकडं एकदा पाहिलं. भर थंडीत विहिरीत पोहणारी बाई मी, तिला ते माहीत आहे.

संध्याकाळी वनिताच्या मावशीच्या गावी पोचलो. मावशी दारात तांब्या-बादली घेऊन उभी होती. पाहुणा चालत आला की उंबरठ्याबाहेर त्याच्या पायांवर पाणी घालायचं, ही तिकडची जुनी रीत. शोभाबाईंचे पाय झाले, वनिताचे झाले, कांताचे झाले.

"या ना बाई," मावशी मला म्हणाली.

"मी मंग धुतो, मावशी. पानी कायले वाया घालवता."

"पाय धुतल्याबिगर घरात कोनी येत नाई वो माह्या," मावशी म्हणाली आणि खाली बसून माझ्या बुटाची नाडी सोडायला लागली. साठीची बाई माझ्या पायाशी बसलेली. तिला ढकलू कशी? बूट निघाला. पांढऱ्या बुटाचा आतला भाग लाल झाला होता, मोजा कातड्याला चिकटला होता. मावशीनं पाणी घालत घालत तो सोडवला आणि फक्त "अवं माय" म्हणाली.

कांता आत गेली, माझ्या पिशवीतून पुठ्ठा काढला, आणून माझ्यापुढं ठेवला.

"कोनाले सांगायचं नाई," वनिता म्हणाली. "ताई उद्या एसटीनं येतीन, आपन चौघीबी चाललो म्हनून सांगू. कोन पाह्यला येते?"

"मी चालतो," मी म्हटलं. "एकच दिवस राह्यला. पट्टी बांधतो अन् चालतो."

"नाई," कांता म्हणाली.

आमच्या घरात अठरा वर्षांत कांतानं मला नाही म्हटलेलं नव्हतं.

"तुले समजून नाई राह्यलं," मी चिडले. "मी गाडीत बसली का तुहा चिखलदरा गेला. मामाजीची अट इसरली का?"

"नाई इसरली. पन हा फोड माह्या पायाले असता तं तुमी काय केलं असतं, ताई?"

मी ओला मोजा पिळायला घेतला.

"सांगा ना. एसटीत बसवलं असतं का नाई?"

"बसवलं असतं."

"मंग तुमच्यासाठी येगळा नियम काऊन?" तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "चिखलदरा जाऊ द्या. पाय सडला तं मी घरी काय तोंड दाखवू?"

मला फार राग आला. मग लाज वाटली. मावशीनं हळदीचं पाणी करून टाच धुतली, कडूनिंबाचा पाला उकळून शेकली, आणि मी लहान पोरीसारखी रडले. फोडासाठी रडले असं त्यांना वाटलं तर वाटू दे.

तिसरा दिवस: गिरड

सकाळी तिघी निघाल्या. मावशीच्या जुन्या चपला घालून मी गावच्या फाट्यापर्यंत लंगडत गेले. मी म्हटलं, तुमची ओझी तरी माझ्याजवळ द्या, गाडीतच न्यायची आहेत. कांता म्हणाली, "ज्याचं ओझं त्यानं न्यावं." हेही माझंच वाक्य होतं. गळ्यातली शिट्टी तिनं आता शर्टाबाहेर ठेवली होती.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरनं माझ्या शर्टाकडं, गोणीच्या पिशवीकडं आणि मांडीवरच्या रक्ताळलेल्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं आणि तिकीट फाडलं. बाहेर पांदण दिसत होती, ती मी पाहिली नाही.

गिरडला टेकडीच्या पायथ्याशी चहाच्या टपरीसमोर बसले. अकरा वाजले, बारा वाजले. नियमाप्रमाणे त्या झाडाखाली असतील, असं मी मनाला सांगत होते. तीन वाजले. शोभाबाईंचा गुडघा, पांदणीतली कुत्री, कांताचं भित्रेपण, सगळं डोळ्यापुढं यायला लागलं. टपरीवाल्यानं तीनदा चहा विचारला. चारच्या पुढं शिट्टी ऐकू आली.

वळणावरून तिघी आल्या. अंगात नवऱ्यांचे शर्ट, डोक्याला दुपट्टे, पाठीवर गोण्या. पुढे कांता. ती हळू चालते म्हणून पुढे नव्हती आता. ती मागं वळून शोभाबाईंची चाल बघत होती आणि त्या मानानं पाय टाकत होती. बाजारात गिऱ्हाइकाशी भाव करायला घाबरणारी ती बाई दोन बायांना तीन दिवस रानातून चालवत घेऊन आली होती. माझी छाती भरून आली. माझ्या मुलानं दहावी पास केली तेव्हाही इतकी आली नव्हती, हे त्याला सांगू नका.

टेकडी मी त्यांच्यासोबत चढले, शोभाबाईंच्या काठीवर भार देऊन, दर दहा पायऱ्यांना थांबत. थांबायचं तेव्हा मी सांगत होते, त्याच घडीला. वर दर्ग्याशी चपला-बूट काढले, डोकं टेकलं. वारा सुटला होता. खाली आम्ही आलो ती शेतं पसरली होती, म्हणजे त्या आल्या ती. सुपारीसारखे गोल दगड तिथल्या मातीत सापडतात. कांतानं एक उचलून माझ्या हातावर ठेवला. "चिखलदऱ्याचा नाई तं नाई," ती म्हणाली, "हा ठेवजा."

बोरगाव

परत एसटीनंच आलो, ते ठरलेलंच होतं. मामाजी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते.

"पोचल्या का पायी?"

वनितानं माझ्याकडं पाहिलं. शोभाबाई त्यांच्या घराकडं न वळता तिथंच उभ्या राहिल्या. मी 'हो' म्हटलं असतं, तर तिघींनीही मान डोलावली असती.

"तिघी पोचल्या," मी म्हटलं. "मी तिसऱ्या दिवशी एसटीत बसली. बूट कोरे घातले, फोड आला, दोन दिवस लपवला. कांतानं बसवलं मले."

मामाजींनी हातातली जुडी खाली ठेवली. "टाच दाखव," म्हणाले. सासऱ्यापुढं पाय करायचा म्हणजे अवघडच, पण केला. त्यांनी वाकून टाच पाहिली.

"लपवला काऊन?"

"तुमची अट व्हती ना. चिखलदरा गेला असता."

त्यांनी जुडी उचलली, बांधली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली. मग म्हणाले, "मंग अटच वाकडी व्हती माही. अशी अट घातली का मानूस दुखनं लपवते, अन् लपवलं का वाटंत पडते. पुसून टाका ते अट."

कांता आतल्या दारात उभी होती. ते तिच्याकडं न पाहता बोलले, "चिखलदऱ्याले पुढं कोन चालन?"

मी म्हटलं, "कांता."

"हं. मंग जा."

आता टाच भरून आली आहे. पांढरे बूट पुन्हा पांढरे काही झाले नाहीत. तेच घालून मी रोज वांग्यांना पाणी देते. परवा कांता बांधावरून म्हणाली, "ताई, चिखल लागून राह्यला ना बुटाले."

मी म्हटलं, "लागू दे."